कमसुखन

शैलाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. सकाळचा चहा घेतला, कप स्वतःच्या हातानं खाली ठेवला, डोकं भिंतीला टेकवलं आणि ते टेकवलेलंच राहिलं. अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नसतो. कसं झालं, जवळ कोण होतं, यातलं काही मला सुचलं नाही. मी विचारलं, "जाताना काही बोलली का गं?" शैला म्हणाली, "न्हाय हो मावशी. चार म्हैने झाले, कुठं काय बोलत हुती ती? मला वाटलं हुतं, जाताना तरी बोलंल…" आणि हुंदके देत देत तिनं पुढचं सांगितलं, ते अजून माझ्या मनात सलतं आहे. "माझ्यावर रुसून गेली मावशी. काय चुकलं ते बी सांगितलं न्हाय."

अक्का जाऊन आता दीड महिना होईल. तुळजापूरला जे नेमानं दर्शनाला जातात त्यांतल्या पुष्कळांना माझी थोरली बहीण गोदाक्का ठाऊक असेल, चेहऱ्यानं नसली तरी आवाजानं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खणांचं दुकान, आत शिवणाचं मशीन, आणि मशीनवर बसून रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलणारी बाई. सोलापूरहून आलेल्या बाईला ती तिथलं ऊन विचारायची, सरहद्दीपलीकडून आलेल्या बाईशी कानडीत बोलायची. ओटीचा खण घ्यायला टेकलेली बाई उठायची ती सुनेचं गाऱ्हाणं, गुडघेदुखी आणि मुलाची नोकरी असं सगळं अक्काच्या ओटीत घालूनच. माझे मेहुणे मितभाषी. ते हयात असताना म्हणायचे, "देवळातली घंटा वाजती, ती तरी मधी थांबती." अशी ही बाई वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी एकाएकी गप्प झाली. ऐकू येत होतं, समजत होतं, जेवण होतं, हाताला काम होतं… फक्त बोलणं नव्हतं. काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर हसायची. डॉक्टरांनी तपासलं. जीभ ठीक, मेंदूचा फोटो ठीक. "या वयात काही जणांचा स्वभाव बदलतो," ते म्हणाले. शैलाला ते पटलं नाही. "ही आमची आई न्हवंच," असं ती मला प्रत्येक फोनला सांगायची.

गंमत अशी की त्या चार महिन्यांतली अक्का मला मात्र चांगली ओळखीची होती. शैला जन्मली तेव्हा तिची आई बोलायला लागून कितीतरी वर्षं झालेली होती. त्याआधीची अक्का पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मी बडबडी म्हणून घराण्यात प्रसिद्ध आहे, आणि जे सांगायला हवं होतं तेवढंच नेमकं मी वेळेवर सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं लहानपण परंड्यात गेलं. राज्य निजामाचं. आमचे वडील, अण्णा, शिंपी होते आणि कचेरीतल्या अंमलदारांच्या शेरवान्या त्यांच्या हातच्या असत. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी दखनी आणि शाळेत उर्दू अशा तीन भाषा आमच्या अंगणातून ये-जा करायच्या, आणि मी तिन्ही भाषांत बडबडायची. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि ती एकाही भाषेत बोलायची नाही. मुकी नव्हती. विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाय" यायचं. पण आपण होऊन शब्द काढणं तिला जमत नसे. पाहुण्यांच्या घरी तहान लागली तर पाणी मागायची नाही, माठाकडे बघत उभी राहायची. मग मीच ओरडायची, "अक्काला पाणी द्या!" आई वैतागून म्हणायची, "एकीला दोघींचं तोंड दिलंय द्यावानं." हे मला मोठं कौतुकाचं वाटायचं. अक्काच्या वाट्याचं बोलायचं काम आपलंच आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

अण्णा आम्हा दोघींना दुपारी कापडाच्या चिंध्यांवर बेतायला शिकवत. त्यांचं एकच सांगणं असे. "पोरींनो, मापाला मापच कापू नगा. शिवणीत माया ठिवा." शिवणीच्या आत दुमडून राहणाऱ्या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. अंग भरलं, कपडा दाटायला लागला, की शिवण उसवून तेवढं कापड बाहेर काढायचं. अक्का हे ऐकून मान डोलवायची आणि बोट-बोट माया ठेवायची. मी घाईघाईत कडेला कात्री लावायची, म्हणून माझं शिवण कधी कुणाला पुन्हा ढिलं करून घालता आलं नाही.

मुलींच्या सरकारी शाळेत आम्हाला एक उस्तानी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, होत्या. आम्ही त्यांना आपा म्हणत असू. गोऱ्या, ठेंगण्या, बोटांना कायम शाईचे डाग. एका अंमलदाराच्या बायकोनं अण्णांना भरीस घातलं म्हणून आम्ही शाळेत गेलो, पण टिकलो त्या आपांमुळे. मला त्या 'बातूनी', म्हणजे बडबडी, म्हणत आणि वर्गाबाहेर उभं करत. अक्काला मात्र जवळ बसवून घेत. अक्काची शाळा संपली तेव्हा सदाकतनामा मिळाला, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर छापील रकाने होते, नाव, वडिलांचं नाव, हजेरी, चालचलन असे. खाली मोकळी जागा होती तिथं आपांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिली. मिजाज, म्हणजे स्वभाव, आणि त्यापुढं एकच शब्द. अण्णांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी तो कागद रेशमी कापडाच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

पुढच्याच चैत्रात बार्शीची मंडळी सोनारीच्या भैरवनाथाला आली होती, ती परतताना अक्काला बघायला आमच्याकडे उतरली. बार्शी तशी जवळच, पण ती इंग्रजी मुलखात, आम्ही मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. तिकडच्या माणसांना उर्दूचा गंध नव्हता. मुलगा शिंपीच, चांगला शिकलेला. त्याची आई ठसठशीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "म्हणा की" म्हणायची. अक्का खाली मान घालून बसली, आईनं केलेला चुरमुऱ्यांचा सुशीला सगळ्यांनी चवीनं खाल्ला, नाव-गाव विचारून झालं. सगळं जमत आलं होतं. आणि अण्णांना हुक्की आली. त्यांनी पेटीतून तो दाखला काढला आणि म्हणाले, "पोरगी शिकलेली हाय आमची. सरकारी कागद हाय. वाच गं शांते."

मी ऐटीत वाचायला लागले. नाव वाचलं, हजेरी वाचली, चालचलन नेक असं वाचलं. मग खालची ओळ. उर्दू ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल, त्यात अक्षरांच्या डोक्यावरचे बारके फराटे बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ते ओळखीनं भरून घ्यायचे. ओळखीचा शब्द असला तर अडत नाही. हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. मी म्हटलं, "मिजाज… कम…" मग पुढची दोन अक्षरं जोडली, "सुख…" शेवटी नून होता, आपला 'न'. तो कसा चिकटवायचा ते कळेना, म्हणून मी दम घ्यायला थांबले. आयुष्यात मी बोलताना मध्ये थांबले असेन तर ती एकदाच.

"कम सुख?" मुलाची आई म्हणाली. "म्हंजी पोरीला सुख कमी? सरकारनंच लिहून दिलंय म्हणा की!" तिनं कागद हातात घेतला. "आन् वर शिक्का बी मारलाय."

अण्णा गडबडले. "तसं नसंल ओ… पोर चुकली असंल…" पण काय असेल ते त्यांना कुठं सांगता येत होतं? मी तिसऱ्या इयत्तेतली, मला रडू यायला लागलं. अक्का तेव्हा आत गेली होती, दाराआड रिकाम्या ताटल्या घेऊन उभी होती. तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ मला दिसत होता. मंडळी पाणी पिऊन उठली. गाडीत बसताना त्या बाईनं भैरवनाथाच्या दिशेनं हात जोडले.

आईनं दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. "आधीच तोंडातनं शबुद न्हाय, त्यात ह्ये असं कपाळ. कोण करील हिला?" ती म्हणत राहिली. अण्णा मशीनवर मान खाली घालून बसले होते. तसेच म्हणाले, "स्वभाव म्हंजी काय लोखंड हाय व्हय? कापडच की. आत माया ठिवलेली असती. येळ आली की उसवून ढिलं हुतंय. तू नगं रडू." आईला ते पटलं नाही. मलाही तेव्हा काही समजलं नाही.

आपांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्या बुरखा घेऊन भर उन्हात आमच्या घरी आल्या. कागद बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "मैं तो तारीफ लिखी थी जी! सुखन बोले तो बात. कमसुखन बोले तो कम बोलनेवाली, अदबवाली बच्ची." मग त्यांनी दौत-टाक मागवला आणि त्या शब्दातल्या 'ख'च्या डोक्यावर एक बारीक तिरका फराटा ओढला. त्याला ज़बर म्हणतात. तो असता तर मला 'सुख' वर थांबताच आलं नसतं. "ज़बर नहीं डाली मैं," त्या आईला म्हणाल्या, "गलती मेरी है. बच्चीपे गुस्सा नक्को करो." बार्शीला चिठ्ठी पाठवते असंही म्हणाल्या. आई नको म्हणाली. मोडलेल्या सोयरिकीच्या मागं कोण लागणार? आपांनी चूक आपल्या अंगावर घेतली, तरी वाचलं मीच होतं. त्यानंतर आठ दिवस मी घरात तोंड उघडलं नाही. दोन गप्प पोरींमध्ये आई वेडी व्हायची वेळ आली.

मग रझाकारांचे दिवस आले. सरहद्दीवरची माणसं गाड्या भरून इंग्रजी मुलखाकडे निघाली, म्हणजे तोवर इंग्रज गेले होते, पण आमच्या तोंडात तेच नाव होतं. आमच्या गाडीत गोधड्यांत गुंडाळलेलं मशीन होतं आणि अक्कानं आपल्या कपड्यांच्या बोचक्यात तो दाखला घेतला होता. बार्शीत एका धर्मशाळेच्या ओसरीवर आम्हाला जागा मिळाली. मशीन होतं, हात होते, पण बार्शीत शेरवानी कोण घालणार? उरल्या बायकांच्या चोळ्या. आणि चोळीचं माप द्यायला बायका परक्या पुरुषापुढं येत नसत. अण्णा म्हणाले, "गोदे, घरोघर तुलाच जावं लागंल. बोलायला शांतीला घिऊन जा."

तसं आम्ही चार दिवस केलं. दारात उभं राहून मी हाका मारायची, हसवायची, अक्का मुकाट्यानं माप घ्यायची. पाचव्या दिवशी मला हिवताप भरला आणि मी गोधडीखाली कुडकुडत पडले. अक्का उंबऱ्यावर किती वेळ उभी होती ते मला आठवतं. हातात फीत, पदराला खडू बांधलेला. वळून माझ्याकडे बघितलं, मग गेली. घरात त्या दिवशी ज्वारीचं पीठ संपलेलं होतं. दुपार टळल्यावर परत आली ती तीन घरचे खण घेऊन.

"काय बोललीस गं त्यांच्याशी?" मी विचारलं.

"तुझ्यावानी बोलले," ती म्हणाली. "शांती काय म्हनली असती, ते मनात आणायची आन् म्हनायची." आणि तोंड धुवायला गेली.

मी बरी होऊन उठले तेव्हा मला न घेताही ती जायला लागली होती. मी हौसेनं बरोबर जायची. तिचं बोलणं ऐकून मला हसू यायचं, कारण माझेच शब्द, माझेच हेल, माझं ते "अगं बाई, खरंच की" सुद्धा तिनं उचललेलं होतं. पण हळूहळू त्यात तिचं तिचं काही मिसळत गेलं. मी नुसती बोलायची, समोरची काय म्हणते तिकडं माझं लक्ष नसायचं. अक्का बोलायची आणि ऐकायचीही. माझ्या बडबडीला तिनं कान जोडले म्हणा ना.

अशाच एका घरी माप घ्यायला गेलो आणि दारात आलेली बाई म्हणाली, "या, बसा. ऊन फार म्हणा की." तीच बाई. तिनं आम्हाला ओळखलं नव्हतं. मी अक्काचा पदर ओढला, पण अक्का आत जाऊन बोलायलाही लागली होती. हात वर करा मावशी, श्वास सोडा, खण कुठला घेतला, रंग बाई झकास आहे… बाई खुलली. कुठल्या तुम्ही, म्हणाली. परंड्याच्या, अक्कानं सांगितलं. "परंड्याला आमी एक पोरगी बघितली हुती," बाई म्हणाली. "शिंप्याचीच. दिसायला बरी, पण दाखल्यावर सरकारनंच लिहिल्यालं, कम सुख. नशीब आमचं, येळेवर कळलं म्हणा की."

अक्काच्या हातातली फीत तशीच राहिली. मला वाटलं, आता ती पुन्हा मुकी होणार. पण ती सरळ त्या बाईकडे बघून बोलली. "मावशी, त्यो शबुद कमसुखन हुता. सुखन म्हंजी बोलणं. कमसुखन म्हंजी कमी बोलणारी. आन् ती पोरगी मीच."

बाईनं आधी तिच्याकडं नीट निरखून बघितलं. मग ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "कमी बोलणारी? तू? अगं आल्यापास्नं तुझं तोंड मिटलंय का? ती पोरगी मान वर करत नव्हती! म्हाताऱ्या बाईची थट्टा करतीस व्हय?" आम्ही कितीही शपथा घेतल्या तरी तिला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. तिच्या मुलाचं लग्न केव्हाच झालं होतं, सूनबाईनं आम्हाला ताक दिलं. त्या बाईची चोळी अक्कानं शिवली आणि तिच्या शिवणीत नेहमीसारखी माया ठेवली.

परत येताना आम्ही दोघीही हसत होतो. आधी हसलो, मग वेशीजवळ अक्का थांबली. "शांते," ती म्हणाली, "मला ठावं हुता त्यो शबुद. आपानं मला आधीच सांगितला हुता. दाराआड हुभी हुते मी. जिभंवर आला हुता… भाईर न्हाय आला." मी तिच्या काखेतलं गाठोडं घ्यायला हात पुढं केला. "तुझं काय चुकलं न्हाय," ती म्हणाली आणि खणाचं गाठोडं दुसऱ्या काखेत घेऊन चालायला लागली.

निजामाचं राज्य गेल्यावर परंड्याला परत आलो तेव्हा शाळेला कुलूप होतं. आधी आम्ही भिऊन गेलो होतो, मग आपांसारखी माणसं भिऊन गेली. त्या हैदराबादकडं गेल्या एवढंच कळलं. अक्का त्या बंद दारापुढं उभी राहून रडली. आपांनी तिला बोलताना कधी ऐकलंच नाही, याचं तिला फार वाईट वाटत होतं. पुढं तिचं लग्न तुळजापुरात झालं, माझं सोलापुरात. तिचं दुकान, तिची गिऱ्हाइकं, तिच्या गप्पा वाढत गेल्या, आणि माझ्या मनातला किडा काही जाईना. तिनं मला केव्हाच माफ केलं होतं. पण मला वाटायचं, मी त्या दिवशी नीट वाचलं असतं तर ही तिच्या शांत स्वभावात सुखानं राहिली असती. माझ्यामुळे तिला जन्मभर दुसऱ्याचा स्वभाव अंगात घालून वावरावं लागलं. तोही माझा, कुठं कुठं दाटणारा.

एकदा न राहवून मी विचारलंच. तिची शैला तेव्हा शाळेत जात होती. ग्रहण होतं म्हणून दुकान बंद होतं आणि आम्ही दोघी दुपारभर न बोलता बसलो होतो. अक्काचा चेहरा असा निवांत दिसत होता की मी म्हटलं, "अक्का, बोलून दमतेस का गं? माझंच बोलणं उचललंस ना तू?" ती काजं करत होती. म्हणाली, "दमते की. आन् तुझंच हुतं, सुरवातीला. पण उसवून माझ्या मापाचं केलं न्हवं का म्या? आता तुला परत दिलं तर बसायचं न्हाय." मग दोरा तोडून हसली. "आन् गप बसणं बी माझंच हाय. ते कुठं टाकलंय? आत ठिवलंय." मला हे तेव्हा नुसतं बोलण्यातलं बोलणं वाटलं. मी पुढं कुठल्यातरी लग्नाचं सांगायला लागले असेन.

हल्ली नातीच्या मोबाईलमध्ये ढीगभर प्रश्न विचारून माणसाच्या स्वभावाचा प्रकार सांगतात. मला तिनं सांगितला, तो आपांनी केव्हाच सांगितला होता, बातूनी. ती विचारत होती, "आजी, माणसाचा प्रकार बदलतो का गं पुढं?" मी अक्काचं नाव घेऊन सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. बदलली म्हणू की नाही म्हणू?

शेवटची भेट तिच्या जाण्याआधी महिनाभराची. सोलापूरच्या बसनं तामलवाडी सोडली तेव्हापासून मी मनात बोलायचं जुळवत होते. अक्का मशीनशेजारी बसली होती. मला बघून तिला आनंद झाला, तो सगळा डोळ्यांत दिसला, पण शब्द नाही. मी शेजारी बसले. थट्टेनं म्हटलं, "काय गं, माझं बोलणं परत करतेस होय?" ती हसली. मग तिनं माझ्या पोलक्याची बाही धरली, उलटी केली आणि आतली शिवण बोटांनी चाचपली. भेटेल त्या बाईची शिवण ती अशी बघायची. विकतच्या पोलक्यात माया कुठली असणार? तिनं नापसंतीनं मान हलवली. आम्ही दुपारभर तशाच बसलो, आणि ती ग्रहणाच्या दुपारी होती तशीच दिसत होती. आतल्या खोलीत शैला डोळे पुसत भाकरी करत होती. मी तेव्हाच उठून तिला सांगायला हवं होतं, की बाई गं, तुझी आई रुसलेली नाही, ती घरी आली आहे. मला वाटलं, तिलाही दिसतच असेल. मला काय ठाऊक, तिनं ही आई कधी पाहिलीच नव्हती.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर शैलानं मशीनच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला, उर्दूतला. "मावशी, तुमाला वाचता येतंय न्हवं? जमिनीचा जुना कागद असंल म्हणून जपून ठिवलाय, वकिलाला दाखवावा म्हणत हुते. जायच्या आधी आठ दिवस आईनं ह्यो काढून मशीनवर ठिवला. मी उचलून खणात टाकला, तर परत भाईर काढला. दोनदा. माझ्या हातात बी दिला. मला वाटलं, आता डोकं बी चालंना झालंय आईचं."

माझा चष्मा सापडेना, मग शैलाचाच घेतला. अक्काचं नाव होतं. अण्णांचं नाव होतं. हजेरी होती, चालचलन नेक होतं. आपांचं अक्षर होतं, आणि त्या एका शब्दावर आमच्या घरी बसून ओढलेला तो तिरका फराटा अजून काळाभोर होता.

"हिच्या स्वभावाचं लिहिलंय," मी म्हटलं.

"कुणाच्या? आईच्या? वाचा की मग."

मी वाचलं. या वेळी मी मध्ये थांबले नाही, नूनपर्यंत गेले. "मिजाज, कमसुखन."

"म्हंजी?"

"कमी बोलणारी. ती तुला सांगत होती शैला. रुसले नाही गं, मी अशीच होते, असं सांगत होती."

शैलाला एकदम हसू फुटलं, तेरा दिवसांतलं पहिलं. "आमची आई? कमी बोलणारी?" असं म्हणत ती हसली आणि हसता हसता तिथंच मशीनवर डोकं टेकवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुष्कळ वेळानं तिनं तोंड पुसलं, कागद माझ्या हातात सरळ केला आणि म्हणाली, "मावशी, परत वाचा."

मी परत वाचलं.